भावाचं बिऱ्हाड : एका गटनिवासाबद्दल, चौदा महिन्यांनंतर

संस्थेचं नाव, शहराचं नाव, पत्ता यातलं काहीच देत नाही. सोसायटीत एकदा वादावादी होऊन गेली आहे, ती पुन्हा उकरायची नाही. गटनिवास म्हणजे मानसिक आजार असलेल्या मोजक्या माणसांनी थोड्या मदतीनं एकत्र राहायचं साधं घर. या घरात चौघं राहतात. तिघांनी "नाव येणार नसेल तर लिहा" असं सांगितलं. चौथा माझा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "ताई, लिही, पण बिडीचं नको." बिडीचं लिहिणं भाग आहे, कारण घराची खरी परीक्षा मी बिडीवरच घेतली. तेवढा भाग त्याला वाचून दाखवला. "बरंय," म्हणाला आणि बिडी ओढायला बाहेर गेला.

मी एसटीच्या विभागीय कार्यालयात लेखा शाखेत ३१ वर्षं काढली. त्यामुळे काही आकडे येतील, सांभाळून घ्या. भाऊ ५६ वर्षांचा आहे. आयटीआयतून फिटर होऊन कारखान्यात लागला आणि दोन वर्षांत स्किझोफ्रेनियानं गाठलं. पुढची जवळजवळ तीस वर्षं आईनं सांभाळला. २०१९ मध्ये आई गेली. माझं वय ६२, गुडघे कामातून गेलेले, यजमानांची बायपास झालेली, मुलगी बंगळुरूला. अशा आजाऱ्यांच्या घरच्यांच्या बैठकीला कधी जाऊन बसा. कोणी औषधांच्या किमतीवरून सुरुवात करतं, कोणी डॉक्टरांवरून, पण चहा येईपर्यंत सगळ्यांची गाडी "आमच्यानंतर काय?" या एकाच थांब्यावर येऊन उभी राहते.

या घराआधी दोन जागा झाल्या. त्या सांगितल्याशिवाय या घराची किंमत कळायची नाही.

पहिली हायवेला लागून असलेलं एक 'पुनर्वसन केंद्र'. महिना २२,०००. दाराला ग्रिल, ग्रिलला कुलूप, भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा ते एक. आत जाताना मोबाईल, पट्टा आणि बिड्या जमा. भाऊ क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर आहे आणि तेव्हा दिवसाला वीसेक बिड्या ओढायचा. तंबाखूच्या धुरानं या औषधाची रक्तातली पातळी उतरते, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी एका रात्रीत बंद केली आणि डोस तोच ठेवला, की तीच पातळी चढते. केंद्रात नेमकं तेच झालं. डॉक्टरांना कोणी कळवलं नाही. महिन्यानं मी भेटायला गेले तर हा खुर्चीत मान टाकून बसलेला, लाळेनं शर्टाची कॉलर भिजलेली, मला ओळखायला मिनिटभर लागलं. व्यवस्थापक कौतुकानं म्हणाले, "बघा, किती शांत झालाय." त्याच दुपारी रिक्षा करून घरी आणला. भरलेले तीन महिन्यांचे आगाऊ पैसे परत मिळाले नाहीत, ते मीही पुन्हा मागितले नाहीत.

दुसरी जागा वृद्धाश्रम. माणसं सज्जन, जेवण घरच्यासारखं. पण नवव्या दिवशी फोन आला, "ताई, घेऊन जा, हा रात्री व्हरांड्यात फेऱ्या मारतो, आजीलोक घाबरतात." त्यांची चूक म्हणणार नाही. त्यांना हे काम शिकवलेलंच नव्हतं.

आता हे घर. साधारण तीस वर्षं जुन्या इमारतीत तळमजल्यावर तीन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर. दोन खोल्यांत दोघं दोघं, तिसरीत रात्रीच्या मुक्कामाचा मदतनीस, म्हणजे 'दादा'. दिवसा बघणाऱ्या काकू सकाळी आठला येतात, संध्याकाळी सहाला जातात. एक सामाजिक कार्यकर्ती आठवड्यातून दोनदा येते. डॉक्टर घरी येत नाहीत, हे चौघं दादाबरोबर बसनं ओपीडीला जातात. क्लोझापिनमुळे महिन्यातून एकदा भावाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात, तेही त्याच फेरीत होतं. पालिकेच्या बसचा पास दिव्यांग कार्डावर फुकट आहे. पुढे पालिकेबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवते.

स्वयंपाकघरात फ्रिजवर पांढरा फळा आहे. त्यावर कामांची वाटणी. कुकर 'काकां'कडे, म्हणजे जे पूर्वी बँकेत होते त्यांच्याकडे. भाजी निवडणं 'सरां'कडे, ते गणिताचे शिक्षक होते. झाडलोट आणखी एकाकडे. दुपारचा चहा माझ्या भावाकडे. आईनं तीस वर्षांत त्याला गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं. पहिला महिनाभर काकू त्याच्या मागे नुसत्या उभ्या राहायच्या, हात लावायच्या नाहीत. तो पाणी मोजायचा, साखर मोजायचा, मग डबा बंद करून पुन्हा उघडायचा, साखर घातली का ते आठवायचा प्रयत्न करायचा. एकदा तीनदा साखर पडली आणि सगळ्यांनी तो पाक निमूटपणे प्यायला. आता त्यानं स्वतःच एक युक्ती काढली आहे. साखर टाकली की रिकामा चमचा ओट्याच्या डाव्या कडेला उलटा ठेवतो. चमचा उलटा दिसला म्हणजे झालं काम. ही युक्ती त्याला कोणी शिकवली नाही. चहा अजूनही बेताचाच असतो, फार उकळतो, पण चार वाजता मी गेले की कपाबरोबर बशी देतो. मी बशीतनं पिते हे त्याच्या लक्षात आहे.

आणि किल्ली. लॅचची किल्ली चौघांकडेही आहे. भावानं ती काळ्या दोऱ्यात गळ्यात घातलेली असते, बनियनच्या आत. पहिले काही आठवडे तो बाहेरून आला की किल्ली असूनही बेल वाजवायचा आणि दार उघडेपर्यंत उभा राहायचा. सांगून उपयोग नव्हता. मग एकदा दुपारी काकू मुद्दाम दार उघडायला गेल्या नाहीत. पाच मिनिटं तो बाहेर, पाच मिनिटं काकू दाराला कान लावून आत. शेवटी कुलुपात किल्ली फिरल्याचा आवाज आला. आत येऊन काकूंवर चिडला, "घरात असून दार उघडत नाही?" काकू म्हणाल्या, "तुझं घर आहे, मी कशाला उघडू?" हे काकूंनीच मला सांगितलं. काकूंचं शिक्षण सातवी. संस्थेनं त्यांना प्रशिक्षण दिलंय हे खरं, पण हे प्रशिक्षणातून येत असेल असं मला वाटत नाही.

बिडीचं असं झालं. तो आला तेव्हा बारा ओढत होता. कार्यकर्तीनं आधी डॉक्टरांना फोन केला, मग त्याच्याशी बोलून दोन महिन्यांत बाराच्या सहा केल्या, आणि त्या काळात डोसकडे डॉक्टरांचं लक्ष होतं. बंडल त्याच्याच कपाटात असतं. सहाच्या आठ झाल्या तर तो स्वतः फळ्यावर लिहितो. कधी लिहीत नाही. पण कोणी त्याचे खिसे तपासत नाही.

आता पैसे. महिना १७,०००, औषधं वेगळी, अनामत ५०,००० परतीची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आईच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन भावाच्या नावावर झालं. मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला ते हयातभर मिळू शकतं, आणि हे निम्म्या घरांना ठाऊकच नसतं, म्हणून इथे लिहून ठेवते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. मानसिक आजाराची टक्केवारी 'आयडियाज' नावाच्या मोजपट्टीवर काढतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना गुण, शिवाय आजार किती वर्षांचा ते. ४० टक्के किंवा त्याहून वर गेलात तर पुढची दारं उघडतात. भावाचा त्या दिवशी मूड चांगला होता, डॉक्टरांशी क्रिकेटवर छान बोलला, आणि मी मनात देवाला म्हणत होते, आजचा दिवस जरा कमी छान बोलू दे रे बाबा.

सवयीनं मी संस्थेकडे घराचा हिशेब मागितला. त्यांनी दिला, हाही एक गुणच. चौघांचे मिळून जमा ६८,०००. भाडं २६,०००, काकू आणि दादाचे पगार २९,०००, किराणा-भाजी-दूध-गॅस १६,०००, वीज आणि किरकोळ ५,०००. एकूण ७६,०००. दरमहा ८,०००ची तूट, वर्षाला ९६,०००. शिवाय कार्यकर्तीचा पगार. हे देणग्यांतून भागतं. चौघांपैकी सरांचं कोणीच नाही, त्यांचे १७,०००सुद्धा एका देणगीदाराकडून येतात. त्यांचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, तेही कधी वेळेवर, कधी मागेपुढे.

उणिवाही सांगायला हव्यात. रात्रीचा दादा चौदा महिन्यांत तिसरा आहे. दुसरा आवाज चढवून बोलायचा, तक्रार केल्यावर काढला, पण तोवर काकांनी खोलीबाहेर यायचं सोडलं होतं. रविवारी काकूंची सुट्टी असते आणि त्या दिवशी घर सुटतं. जेवण डब्याचं, चौघं दिवसभर टीव्हीसमोर. आणि एक प्रकार गंभीर झाला. क्लोझापिननं बद्धकोष्ठ होतं, कधीकधी जिवावर बेतेल इतकं. मागच्या पावसाळ्यात पाच दिवस पोट साफ झालं नाही, भाऊ काही बोलला नाही, दादा नवा होता, कोणी विचारलं नाही. सहाव्या रात्री उलट्या, पोट नगाऱ्यासारखं, पहाटे तीनला रुग्णालय. वाचला. संस्थेनं 'वातावरण बदललं', 'पाणी कमी प्यायला' असली कारणं दिली नाहीत, सरळ चूक कबूल केली. आता न्हाणीघराच्या दारामागे वही लटकवली आहे. आज झालं की बरोबरची खूण. बँकेतले काका ती खूण अशी काढतात की जणू चेक पास करताहेत.

हॉलमध्ये भिंतीवर फ्रेम करून नोंदणीचं प्रमाणपत्र लावलंय. मानसिक आजारी माणसांना जिथे निवासी ठेवून काळजी घेतली जाते ती जागा कायद्याच्या हिशेबानं 'आस्थापना', तिला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. फक्त कुटुंबाचं राहतं घर त्यातून वगळलंय. नियम हवाच, हायवेवरचं ते केंद्र पाहिल्यावर तर हवाच हवा. पण भाऊ पहिल्याच दिवशी फ्रेमकडे बघून म्हणाला, "ताई, घरात परवाना कशाला लावतात? आपल्याकडे कुठे होता?"

सोसायटीची गोष्ट थोडक्यात. घरमालकांनी फ्लॅट दिला, करार नोंदवला, पोलीस पडताळणी झाली. मग कोणीतरी ती फ्रेम खिडकीतून वाचली आणि तातडीची सभा लागली. "लहान मुलं आहेत", "फ्लॅटच्या किमती पडतील", "आमचा विरोध नाही हो, पण इथेच का?" आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. हे कार्यकर्तीनं कागद काढून दाखवलं, तरी दोन तास गेले. तोडगा विचित्र निघाला. पार्किंगमध्ये बसून बिडी ओढायची नाही. ते मान्य केलं. गेल्या गणपतीत वर्गणीचं पुस्तक घेऊन पोरं दारात आली, ५०१ची पावती फाडली, आरतीला भाऊ झांजा घेऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत बेतालच वाजवल्या. वर्गणी मागायला आले म्हणजे शेजारी धरलं, असं मी समजते.

आता ज्या गोष्टीसाठी हे एवढं लिहायला बसले ती. घराला माझ्याकडून पाचपैकी चार. पण शहरात असं घर मला ठाऊक आहे तेवढं हे एकच, आणि भावाला जागा मिळाली ती आधीचा एकजण बहिणीकडे गावी गेला म्हणून. म्हणजे नशीब. मला नशिबावर चाललेला हिशेब बघवत नाही, म्हणून मी पालिकेत गेले.

जाण्याआधी कायदा वाचला. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, लागू २९ मे २०१८पासून. त्याचं १९वं कलम सोप्या शब्दांत असं सांगतं, की घरच्यांनी नाकारलं, घरच नाही किंवा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवायचं नाही. आणि ज्यांना रुग्णालयाची गरज उरली नाही त्यांच्यासाठी हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्यामधला मुक्काम), गटनिवास अशा सोयी सरकारनं उभ्या करायच्या किंवा उभ्या करणाऱ्यांना हात द्यायचा. 'वाजवी मुदतीत'. ही वाजवी मुदत म्हणजे किती, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही. आमच्या एसटीत असं परिपत्रक आलं असतं तर पहिल्याच डाकेनं 'मुदत स्पष्ट करावी' म्हणून परत गेलं असतं.

दिव्यांग कक्षात गेले. स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. टेबलावर अर्जांचे गठ्ठे होते. तीनचाकी, श्रवणयंत्र, कुबड्या, शिष्यवृत्ती. मी म्हटलं, गटनिवासाच्या भाड्याला साहाय्य हवंय, अर्ज कुठला? लिपिकानं दोनदा विचारलं, मग म्हणाले, "मॅडम, मनोरुग्णांसाठी हेडच नाही."

हे वाक्य मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं मीच ते लोकांना ऐकवत आले. हेड म्हणजे लेखाशीर्ष, अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं. ते नाही म्हणजे ती गोष्ट चांगली असो, वाईट असो, कायद्यात असो, कागदावर ती जन्मलेलीच नाही. पैसा पडून असतो, तरी त्याला जायला वाट नसते.

लिपिक भला माणूस होता. त्यानं 'घरौंदा' योजनेचं पत्रक दिलं. घरी येऊन वाचलं तर ती केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निवास योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. मानसिक आजार त्यात बसत नाही. पुन्हा गेले. या वेळी शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "निवारा केंद्र आहे की आपलं, तिथे ठेवा. नाहीतर भिक्षेकरी गृह." मी त्यांना शांतपणे सांगितलं, की मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवू नका, हे २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच राज्याला बजावावं लागलंय. त्यांनी माझ्याकडे नवीन नजरेनं पाहिलं. मग पाणी मागवलं.

निवारा केंद्रावरून एक लक्षात आलं. शहरी बेघरांसाठी निकष आहे, १ लाख लोकसंख्येमागे १०० माणसांचा एक निवारा. तो किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण आकडा आहे, म्हणून विचारता येतं. आमच्या शहरात माझ्या भावासारखी किती माणसं आहेत, ज्यांचे सांभाळणारे सत्तरीकडे झुकलेत, याचा आकडा पालिकेकडे नाही. देशाचं मोठं मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६मध्ये झालं, ते १२ राज्यांत, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. मनोरुग्णालयांतल्या मुक्कामाबद्दल एक पाहणी २०१९मध्ये आली. २४ राज्यांतली ४३ सरकारी रुग्णालयं पाहिली, त्यात ३६ टक्क्यांहून थोडे जास्त रुग्ण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तिथेच होते. घरी सांभाळले जाणारे मात्र कुठल्याच पाहणीत दिसत नाहीत. त्यांची मोजणी आया करतात, आणि आया गेल्या की मोजणी बंद.

नगरसेवकाकडे जावं तर त्या काळात नगरसेवकच नव्हते. २०२२पासून बऱ्याच महापालिकांसारखा आमच्याकडेही प्रशासकांचा कारभार होता. तेवढ्यात विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, वीस वर्षांचा, आणि हरकती-सूचना मागवल्या. मी एका पानाचा अर्ज दिला. सुनावणीचं पत्र आलं. सभागृहाबाहेर दोनेकशे माणसं, बहुतेकांच्या हातात सातबारा. कोणाच्या शेतातून रस्ता जातोय, कोणाच्या घरावर बागेचं आरक्षण पडलंय. साडेअकराची वेळ होती, नंबर पावणेतीनला लागला.

समितीतल्या एकांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "म्हणजे मनोरुग्णालय पाहिजे? किती एकर?"

मी म्हटलं, एक गुंठाही नको. शहरभर विखुरलेले साधे फ्लॅट हवेत, पालिकेच्या ताब्यात येणाऱ्या सदनिकांतले मोजके. बसथांब्याजवळ, दवाखान्याजवळ, तळमजल्यावर. एका घरात चारपाच माणसं, त्याहून जास्त नकोत. आणि भाड्याची तूट भरायला एक लेखाशीर्ष. एका घरामागे वर्षाला लाखभर रुपये आणि एका कार्यकर्तीचा पगार. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेनं २०१५पासून 'होम अगेन' नावानं हेच केलंय, रत्नागिरीतही त्यांची अशी घरं आहेत, तुमच्यापैकी कोणी जाऊन बघून या.

"पण मॅडम, आराखड्यात आम्ही जागा दाखवतो. भाडं कसं दाखवणार?"

प्रश्न प्रामाणिक होता. गोम तिथेच आहे. आराखड्याला भूखंड कळतो, त्यावर रंग भरता येतो, आरक्षण क्रमांक देता येतो. आमच्यासाठी त्यांनी उद्या मोठ्या मनानं भूखंड दाखवलाच, तर तो कचरा डेपोच्या पलीकडे असेल आणि त्यावर दोनशे खाटांची इमारत उभी राहील. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ब्रिटिशांच्या काळातली. वेड्यांना एका आवारात ठेवावं, भिंत घालावी, असा तो विचार. पुढे शहरं वाढत त्या भिंतींपर्यंत आली, विचार आहे तिथेच राहिला. मला ज्या गोष्टी हव्या होत्या त्या तीन वेगवेगळ्या दालनांत बसतात. घर मालमत्ता विभागात, माणसं आरोग्य विभागात, पैसे समाजविकास विभागात. या तिघांचं एक टेबल कुठल्याच मजल्यावर नाही. मी तिन्ही मजले चढून पाहिले, गुडघ्यांना विचारा.

माझी सुनावणी चार मिनिटं चालली. बाहेर आल्यावर सातबारावाल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "तुमचं किती गेलं, ताई?" मी म्हटलं, माझं काही गेलं नाही, मी मागायला आले होते. त्याला काही ते पटलं नाही.

अर्जावर निर्णय 'नोंद घेतली' असा आला. या सेवेला किती तारे द्यायचे हे वाचणाऱ्यांनी ठरवावं. चार मिनिटं कोणी मध्ये तोडलं नाही, त्याचा अर्धा तारा मी देते.

हे घर बघायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. प्रवेशाआधी आठ दिवस राहून बघायची सोय आहे, ती घ्याच. आणि जाल तेव्हा चौघांशी बोला, नुसतं कार्यकर्तीशी बोलून परत येऊ नका. ठिकाण कळायला हवं असेल तर जवळच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा, बहुतेकांना माहीत आहे.

फक्त घाई करा असंही सांगता येत नाही आणि थांबा असंही नाही. कारण इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. सभेत ठराव झाला, बिल्डर ठरला. फ्लॅटमालकांना बांधकाम होईपर्यंतचं भाडं मिळेल, नवा मोठा फ्लॅट मिळेल. भाडेकरूंना एक महिन्याची नोटीस, करारात तसं कलमच आहे. चार माणसांनी एकमेकांच्या सवयी शिकायला वर्ष घेतलं. कोणाला रात्री दिवा लागतो, कोणाला पंखा सोसत नाही, सरांसमोर टीव्हीचा आवाज वाढवायचा नाही. ते सगळं एका महिन्याच्या नोटिशीवर लटकलंय. पालिकेच्या ताब्यातला एक फ्लॅट असता तर ही पाळी आली नसती, आणि हे मी सुनावणीत म्हटलंही होतं.

सध्या कार्यकर्ती आणि मी मिळून जागा शोधतोय. तळमजला, बसथांबा, दवाखाना. परवा एक जागा बघितली. बरोबर भाऊही होता, त्यानं आधी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याची डावी कड पाहिली. एजंट तरुण मुलगा होता, मोबाईलवर फॉर्म भरत होता.

"फॅमिली की बॅचलर?"

"चौघं राहणार. सगळे पन्नाशीपुढचे. स्वयंपाक घरीच करतात. रात्री एक माणूस मुक्कामाला असतो."

त्यानं भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जरा थांबला.

"फॅमिलीच टाकतो," म्हणाला. "ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं लागेल, काकू."